समतोलाला लागणारा वेळ

परवा माणिकपूरला रिक्षासाठी उभी होते. शेजारच्या बाईच्या पाटीतून एक वास आला आणि मला माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आठवलं. लोकांना वासावरून माहेर आठवतं, कुणाला शाळेचा पहिला दिवस आठवतो. मला प्रकरण आठवतं, तेही आलेखांसकट. वास सुकेळ्यांचा होता. पाटीत बाकी सगळी अळूची पानं आणि शेवग्याच्या शेंगा, आणि एका कोपऱ्यात वाळक्या केळीच्या पानात गुंडाळून सुतळीने बांधलेल्या चार पुड्या. "यंदा कमीच हायत," बाई म्हणाली, "करनारंच कोन राहिलंय?" मी दोन घेतल्या. एक रिक्षातच सोडली आणि कॉलेज येईपर्यंत संपवलीही. नंतर तीन तास परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारताना बोटं एकमेकांना चिकटत होती आणि मुलांच्या पुरवण्यांवर सह्या करताना मी प्रत्येक पुरवणीवर थोडा थोडा गोडवा ठेवून येत होते.

ज्यांनी सुकेळी खाल्ली नाहीत त्यांना ती कशी लागतात हे सांगणं अवघड आहे. राजेळी नावाचं जाडजूड, लांब केळं असतं. ते पुरतं पिकलं की सोलायचं आणि आठेक दिवस उन्हात वाळवायचं. साखर नाही, मीठ नाही, काही नाही. केळं आकसतं, तांबूस होतं, आणि चावताना अंजीर आणि गूळ यांच्या मधलं काहीतरी तोंडात येतं. फेब्रुवारी-मार्चचं कोरडं ऊन त्याला मानवतं. हाच आमच्याकडे परीक्षांचा मोसम. एका वर्षी हे दोन्ही मोसम माझ्या डोक्यावर एकदमच आले.

तेव्हा मी तिशीला टेकले होते. मुंबईतल्या एका संस्थेत पीएच.डी.चं सहावं वर्ष चालू होतं, आणि विरारच्या आमच्या दोन खोल्यांत आई, बाबा, दादा, वहिनी आणि त्यांची वर्षाची जुळी नांदत होती. एक जुळं झोपलं की दुसरं उठायचं. मी शेवटी आईला सांगितलं की असंच चाललं तर प्रबंधाआधी माझंच विसर्जन होईल. आई आगाशीच्या शाळेत शिकवायची. तिच्या वर्गात कधीकाळी नंदाखाल गावची रीमा नावाची मुलगी होती. ती रीमा लग्न करून ऑस्ट्रेलियात गेली होती आणि तिच्या आईच्या घरातली माळ्यावरची खोली रिकामी पडली होती. जानेवारी संपताना मी लॅपटॉप, दोन खोकी कागद आणि एक टेबलफॅन घेऊन तिथे राहायला गेले. रीमाची आई म्हणजे आग्नेस मावशी.

साठी ओलांडलेली, ठेंगणी, चालताना डाव्या पायावर जरा जास्त जोर देणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरामागे नारळ, केळी, एक विहीर आणि विहिरीपलीकडे उन्हात उभारलेला मांडव. बांबूंच्या टेकूवर गवत पसरलेलं, त्यावर बांबूचे विणलेले तट्टे, आणि तट्ट्यांवर ओळीने मांडलेली सोललेली केळी. शेजारणींशी ती तिच्या घरच्या बोलीत बोलायची. ती मला निम्मी कळायची. माझ्याशी मात्र ती जपून, शाळेतल्या बाईंशी बोलावं तशी बोलायची. चारेक दिवसांत तो जपूनपणा गेला.

"तू शिकते काय नक्की?" तिने विचारलं. मी तिच्यासमोर बसून केळ्यांवरचे दोरे बांबूच्या कामटीने काढत होते. फुकट राहून काहीच न करणं मला जमेना आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.

मी म्हटलं, "सोन्याच्या अणूच्या आत एक बारीकसा गाभा असतो. तसे दोन गाभे जोरात एकमेकांवर आपटतात. आपटल्यावर आत काय होतं ते मी बघते."

"सोनं? आनि फोडून टाकता?"

"अगदी थोडं असतं मावशी. दिसतसुद्धा नाही."

"तरी पन," ती म्हणाली आणि मान हलवत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "फुटल्यावर काय बघनार? फुटलं ते फुटलं."

हा प्रश्न मला मौखिक परीक्षेतही इतका थेट कुणी विचारला नाही. खरंच, आम्हाला दिसतात ते टकरीनंतर चहूकडे उडालेले तुकडे. त्यावरून आत काय घडलं असेल त्याचा माग काढायचा. चुलीतली राख चाळून स्वयंपाक काय केला होता ते ओळखण्याचा हा उद्योग आहे, आणि त्यात हयात घालवणारी शहाणी माणसं जगभर आहेत.

माझा प्रश्न त्यातल्या एका बारीक जागेवरचा होता. दोन गाभे समोरासमोर येतात तेव्हा सगळी धाव एकाच रेषेत असते, निम्मी इकडून तिकडे, निम्मी तिकडून इकडे. आदळल्यावर आतले कण एकमेकांना धडकू लागतात. प्रत्येक धडकेत थोडी दिशा बदलते, थोडी ऊर्जा इकडची तिकडे होते. असं पुरेसं झालं की सगळ्या दिशांना सारखीच धाव होते, ऊर्जेची वाटणी ठरलेल्या रीतीने होते आणि कोण कुठून आलं होतं याचा मागमूस उरत नाही. याला औष्णिक समतोल म्हणतात. तो आला, की मग त्या पदार्थाला तापमान आहे असं म्हणता येतं. त्याआधी नुसतीच झटापट असते.

नंदाखालच्या चर्चच्या सणाला मी हे डोळ्यांनी पाहिलं. एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, संपून माणसं बाहेर येत होती आणि दुसऱ्या मिस्सेची आत शिरत होती. फाटकात दोन फळ्या आमनेसामने. मग आवारात पसरल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळे एकमेकांत असे मिसळले की आत कोण जाणार आणि घरी कोण जाणार ते ओळखू येईना. पण आवार होतं आणि वेळ होता म्हणून हे जमलं. अणुगाभ्यांच्या टकरीत आवारही नसतं आणि वेळही नसतो. प्रकाशाला एक गाभा ओलांडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या काही पटींत सगळा कारभार आटोपतो, पदार्थ फुगतो, निवतो, उडून जातो. तेवढ्यात समतोल येतो का? कणांना आपण कुठून आलो ते विसरण्याइतक्या धडका मिळतात का? माझ्या चौथ्या प्रकरणाचं उत्तर होतं, मिळतात.

संगणकावर हजारो टकरी घडवून मी त्यांच्या ऐन मध्यावरचा एक छोटा तुकडा बघत होते. धावेच्या रेषेत किती दाब आणि आडव्या दिशेला किती, हे क्षणोक्षणी मोजायचं. सगळ्या टकरींची सरासरी काढून मी आलेख केला होता. सुरुवातीला एक रेषा वर, एक खाली, आणि मग दोघी हळूहळू जवळ येत एकमेकींना मिळतात आणि पुढे हातात हात घालून जातात. त्या आलेखावर माझं इतकं प्रेम होतं की लॅपटॉप उघडला की तोच दिसायचा. त्याच्या जिवावर जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत मला दोन वर्षांची जागा कबूल झाली होती. अट एकच, मेअखेर प्रबंध सादर व्हायला हवा. आईने माझ्यासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली होती. विरारच्या मार्चमध्ये बाई लोकर मांडीवर घेऊन बसायची आणि घामाने निथळायची.

मांडवाची एक शिस्त होती. सकाळी दव उडालं की केळी आपापल्या ओळीत पसरायची. दुपारी एकदा पालटायची. गांधीलमाश्या हाकलायच्या, कावळ्यांसाठी एक काळं फडकं काठीला बांधून ठेवायचं. ऊन कलायला लागलं की सगळी केळी गोळा करून, वाळक्या पानांत एकमेकांना चिकटवून, वरून गोधडी घालून टोपलीत ठेवायची. हे मला कळेना. दिवसभर वाळवलेलं संध्याकाळी झाकून का ठेवायचं?

"वरून वाळतं, आत पानी असतं," मावशी म्हणाली. "रात्रभर आतलं पानी भायेर येतं. सकाळी बघ, अंगाला घाम सुटलेला असतो. मंग परत ऊन द्यायचं. एकाच दमात वाळवलं तर वरून कडक नि आतून कच्चं. ते टिकत नाय."

सकाळी गोधडी काढली की खरंच प्रत्येक केळ्यावर मधासारखा चिकट पाझर असायचा. मी तिथे उभी राहून बोट लावून चाटायचे आणि मनात म्हणायचे, आमच्या पदार्थाला अशी रात्र मिळत नाही. एवढी छान उपमा सुचली म्हणून मी स्वतःवर खूशही व्हायचे. त्या उपमेत मला एक इशारा होता, तो मात्र मी ऐकला नाही.

ईस्टरआधीच्या उपासकाळातला एक शुक्रवार होता. दुपारी मावशी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला निघाली. त्या आठवड्यातला पहिला तट्टा तयार होत आला होता. "झाली असतील ती उतरव नि पुड्या बांध," ती म्हणाली, "नसतील ती ऱ्हाऊ दे." रीमाच्या ओळखीचं कुणीतरी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारानंतर ऑस्ट्रेलियाला जाणार होतं, त्याच्याबरोबर तो सगळा माल जायचा होता. रीमा चार वर्षं आली नव्हती. फोनवर ती आईला दुसरं काही विचारत नसे, सुकेळी केली का, एवढंच विचारत असे.

तट्ट्यावर दीडशेच्या आसपास केळी होती. झालंय की नाही ते मावशी अंगठ्याने दाबून ओळखायची. मीही चार दाबून बघितली. माझ्या अंगठ्याला काहीच कळेना. मग मला माझं शिक्षण आठवलं. मावशीच्याच तोंडून ऐकलं होतं की सोललेली केळी तीन किलो असतील तर सुकून एक किलो उरतात. पसरली त्या दिवसाचं वजन तिच्या वहीत होतं, आणि घड तोलायचा ताणकाटा विहिरीजवळ टांगलेला होता. मी तट्ट्याला चार कोपऱ्यांत दोऱ्या बांधल्या, काट्याला लावला, रिकाम्या तट्ट्याचं वजन वजा केलं. बरोबर एक तृतीयांश. उत्तर असं चोख आलं की मला फार आनंद होतो. सगळ्या पुड्या बांधल्या, वर तारखेची चिठ्ठीही लावली.

मावशी परत आली तेव्हा पुड्यांची रांग बघून थबकली. "सगळी झाली?"

"सगळी," मी म्हटलं.

तिने एक पुडी हातात घेतली, सोडावी की नाही असा क्षणभर विचार केला आणि खाली ठेवली. मी एवढी शिकलेली होते, म्हणून तिने ती सोडली नाही. त्या एका क्षणाबद्दल मला अजूनही अपराधी वाटतं.

झावळ्यांच्या रविवारी, मिस्सेहून आल्यावर, तिने डबा भरायला पुड्या काढल्या आणि पहिलीच उघडल्यावर नाक मुरडलं. आंबूस वास. दुसरी उघडली. तिसरी. मी जिना उतरून आले तेव्हा ओटीवर सगळ्या पुड्या सोडलेल्या होत्या. तट्ट्याच्या कडेला वारा आणि ऊन भरपूर, त्यामुळे तिथली केळी लाकडासारखी कडक झाली होती. मधल्या भागावर दुपारनंतर नारळाची सावली पडायची, तिथली जाड केळी आतून ओलीच होती. ओल्यांनी पुडीतल्या बऱ्या केळ्यांनाही बिघडवलं होतं. काहींवर पांढरी लव आली होती.

"कशी बघितली होतीस?" तिने विचारलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"वजन केलं होतं मावशी."

"कशाचं?"

"तट्ट्याचं."

तिने हातातली पुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "रीमाला तट्टा पाठवायचाय काय?" आणि आपल्याच बोलण्यावर बारीकसं हसली. हसताना डोळे पुसले. "एकेकाला बघायचं असतं, बाय. ढिगाला विचारून काय कळतं?"

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून दीडशेतली एकोणीस वाचवली. मी एकेक फोडून, हुंगून बाजूला ठेवत होते, आणि बाराव्या-तेराव्या केळ्याला ते वजन मी मनात पुन्हा मांडून पाहिलं. कडक आणि ओली मिळून वजन बरोबर आलं होतं. तट्ट्यावर नीट सुकलेली केळी मूठभर, आणि तट्टा मात्र नीट सुकलेला. मी चौथ्या प्रकरणातही तट्टाच तोलला होता.

चिकट हातांनीच मी माळ्यावर गेले. हजारो टकरींची सरासरी मी घेतली होती. त्या एकेक करून मी कधी बघितल्याच नव्हत्या. कुणीच मला बघायला सांगितलं नव्हतं आणि आलेख इतका देखणा होता की माझ्याही मनात आलं नव्हतं. संस्थेतल्या संगणकावर नवं गणित लावलं, त्याला दोन दिवस लागले. उत्तर आलं ते असं. काही टकरींत गाभे एकमेकांतून बरेचसे आरपार जात होते, तिथे धावेच्या रेषेतला दाब जास्त. काहींत ते अडकून चेपले जात होते आणि पदार्थ आडवा फुटत होता, तिथे आडवा दाब जास्त. दोघांची बेरीज करून भागलं की समसमान. थोड्या कणांचा कारभार असला की चढउतार व्हायचेच, हे मला माहीत होतं, म्हणून खऱ्या समतोलात किती चढउतार चालतील तेही काढून बघितलं. माझ्याकडचे त्याच्या कितीतरी पट होते. माझ्या दोन रेषा जिथे हातात हात घालत होत्या, तिथे एकाही टकरीत समतोल आलेला नव्हता.

हे कुणालाही कळलं नसतं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. परीक्षकांनी तो आलेख पाहून मान डोलावली असती. आधीच्या परिसंवादांत डोलावलीही होती.

आईला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला त्यातलं किती कळलं ठाऊक नाही, पण जर्मनीचं काय होणार हे तिला पहिल्या वाक्यातच कळलं. "मग आता नाही का सांगता येणार, की हे सरासरीचं आहे म्हणून? एक शब्द घालून भागत असेल तर घाल ना गं," ती म्हणाली. मागे एक जुळं रडत होतं. मी म्हटलं, बघते.

गंमत म्हणजे सरांनीही तेच सांगितलं. आमचे सर निवृत्तीला आलेले, सौम्य, विद्यार्थ्यांचं भलं व्हावं म्हणून झोप घालवणारे गृहस्थ. मी त्यांच्यापुढे नवे आलेख ठेवले. ते बराच वेळ बघत राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितले.

"चूक म्हणता येणार नाही याला," ते म्हणाले. "सरासरीने समतोल येतो, हेही एक विधान आहे. तो शब्द घाल, एक तळटीप दे आणि पुढे जा. उरलेलं जर्मनीत जाऊन कर."

"पण सर, सरासरीने येतो म्हणजे येत नाही."

सरांनी आलेखांची चवड नीट केली. खिडकीबाहेर कुणीतरी बागेला पाणी घालत होतं. मला जर्मनीला जायचं होतं. फार जायचं होतं. सरांनी अजून एकदा आग्रह केला असता तर मी बहुधा ऐकलं असतं. त्यांनी तो केला नाही.

"वर्ष जाईल तुझं," ते म्हणाले.

"हो."

"ते थांबणार नाहीत."

"विचारून बघते सर."

उठताना त्यांनी विचारलं, "तुला सुचलं कसं हे?" मी सांगितलं की नंदाखालला एक बाई आहेत, केळी सुकवतात. सगळी हकीकत ऐकून ते मोठ्याने हसले. पाच वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "ऋणनिर्देशात माझ्याआधी त्यांचं नाव घाल," ते म्हणाले. मी ते घातलं. टंकलेखनाची चूक समजून ते खाली न्यायला विद्यापीठातल्या एका कारकुनाने मला फोन केला होता.

प्रबंध पुढे तेरा महिन्यांनी सादर झाला. त्याचा निष्कर्ष एका ओळीत असा, की ज्या ऊर्जेच्या टकरी मी बघितल्या त्यांत पदार्थ समतोलाच्या जवळ जातो, पण तिथे पोचायच्या आत उडून जातो. 'येत नाही' असं सिद्ध करणाऱ्या प्रबंधाला फार टाळ्या पडत नाहीत. मी आता इथल्याच एका कॉलेजात शिकवते. दर निकालानंतर बैठकीत वर्गाची सरासरी छान आली म्हणून पेढे येतात, आणि मी पेढा तोंडात टाकून विचारते की शून्य ते दहा गुणांत किती मुलं आहेत. माझ्या सहकाऱ्यांनी आता मी न विचारताच ती यादी काढून ठेवायला सुरुवात केली आहे. मला वाईट वाटतं का? वाटतं. प्रयोगांच्या बातम्या येतात, ओळखीची नावं दिसतात, आणि दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मग सकाळी सातचं लेक्चर असतं. मला लोक शांत बाई म्हणतात. सरासरीने असेन.

आग्नेस मावशी आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेली. मांडवाशी दिवसभर उभं राहणं तिला जमत नाही. रीमा दोन वर्षांपूर्वी महिनाभर येऊन गेली, तेव्हा तिने हौसेने एक तट्टा लावला होता. मावशी खुर्चीत बसून तिला सूचना देत होती आणि रीमा वैतागत होती. मी गेले की मावशी अजून विचारते, "फोडते का गं अजून सोनं?" मी म्हणते, आता मुलांना शिकवते फक्त. "तेच बरं," ती म्हणते.

पण त्या मोसमाचा शेवटचा दिवस मला सांगायचा आहे. ईस्टर होऊन गेला होता. मे अर्धा सरला होता. मावशीने वाचलेली एकोणीस सुकेळी रीमाला पाठवली होती, आणि नुकसान भरून काढायचं म्हणून मी हट्टाने तिला आणखी एक तट्टा लावायला लावला होता. हवेत दमटपणा आला होता, दुपारी पश्चिमेकडून ढग सरकायचे, तेव्हा मिळेल ते ऊन पकडायचं. मी प्रत्येक केळं अंगठ्याने दाबत होते. एव्हाना माझ्या अंगठ्याला थोडं थोडं कळायला लागलं होतं.

फोन मांडवाच्या खांबाला अडकवलेल्या पिशवीत होता. मेल आल्याचा आवाज झाला. मी हात न पुसताच काढून बघितला. जर्मनीहून होता. फार सभ्य होता. त्यांना माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं होतं, नवे आलेख महत्त्वाचे वाटले होते, आणि जागा वर्षभर रिकामी ठेवणं शक्य नसल्याने ती दुसऱ्या उमेदवाराला दिली होती. मला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या होत्या.

मी फोन पिशवीत ठेवला आणि पुन्हा कामाला लागले. तीन-चार केळी पालटली. मग समोरचा तट्टा दिसेनासा झाला.

मावशी पलीकडच्या बाजूने पालटत येत होती. ती थांबली. "काय झालं?"

"नाही म्हणाले," मी म्हटलं.

तिने पश्चिमेकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याजवळ येऊन तिने तिचा चिकट हात माझ्या पाठीवर ठेवला. तो माझ्या कुर्त्याला चिकटून राहिला.

"रड," ती म्हणाली. "पन हात थांबवू नको, बाय. ऊन जाईल."

मग आम्ही दोघी त्या तट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी, एकेक केळं दाबत आणि पालटत, मधल्या ओळीपर्यंत आलो.